शेतकरी उत्पादक कंपनीचा स्वतःचा ई-मेल सर्व्हर : उभारणी आणि निगा



माल चांगला पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे पैसे वेळेवर आणि आपल्याच खात्यात येणे महत्त्वाचे आहे. द्राक्ष, डाळिंब, कांदा, हळद अशा मालाची परराज्यात व परदेशात विक्री करणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचा बराचसा व्यवहार आज ई-मेलवर चालतो. दराची चौकशी, करार, बिल, कीडनाशकांच्या उर्वरित अंशाचा अहवाल, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राची प्रत, जहाजाची कागदपत्रे हे सर्व ई-मेलनेच जाते व येते. मात्र ज्या पत्त्यावरून हे सर्व जाते तो पत्ता कोणाच्या नावावर आहे, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

आमच्या कार्यक्षेत्रातील एका द्राक्ष उत्पादक कंपनीचा ई-मेल पत्ता कार्यालयात काम करणाऱ्या एका मुलाने स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर, फुकटच्या सेवेत उघडलेला होता. पुढे तो मुलगा नोकरी सोडून गेला. पासवर्ड त्याच्याकडे आणि तीन हंगामांचा पत्रव्यवहारही त्याच्याकडेच राहिला. त्याच हंगामात कंपनीच्या नावाशी मिळताजुळता फुकटचा पत्ता उघडून कोणीतरी परदेशी खरेदीदाराला कळविले की, "आमचे बँक खाते बदलले आहे, कंटेनरचे पैसे नव्या खात्यात भरावेत." खरेदीदाराने भरणा करण्यापूर्वी अध्यक्षांना फोन केला म्हणून पैसे वाचले. खरेदीदाराचे म्हणणे एवढेच होते : "तुमचा खरा पत्ताही फुकटचा आणि खोटा पत्ताही फुकटचा. आम्ही फरक कसा ओळखायचा?"

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या नावाचा पत्ता आणि त्यामागे नीट कागदपत्रे असलेला ई-मेल सर्व्हर. मी कृषिविद्येचा अध्यापक आहे, संगणक हा माझा मूळ विषय नव्हे. परंतु या कंपनीला व नंतर आणखी एका कंपनीला ही व्यवस्था उभी करून देताना जे शिकायला मिळाले, जेथे चुकलो आणि जे उपयोगी पडले, ते या लेखात क्रमाने दिले आहे. लेखात पत्ते व नोंदी देवनागरीत दिल्या असल्या तरी प्रत्यक्ष संगणकावर त्या रोमन अक्षरांतच टाइप कराव्यात. उदाहरणासाठी ‘आपलीकंपनी.इन’ हे नाव घेतले आहे. त्या जागी आपल्या कंपनीचे नाव घालावे.

डोमेन म्हणजे कंपनीचा सातबारा

ई-मेल पत्त्यात @ या चिन्हाच्या उजवीकडे जे नाव असते त्याला डोमेन म्हणतात. ‘विक्री@आपलीकंपनी.इन’ या पत्त्यात ‘आपलीकंपनी.इन’ हे डोमेन झाले. शेतात गोठा बांधला, पाडला, दुसरीकडे हलविला तरी जमीन सातबाऱ्यावर ज्याच्या नावे आहे त्याचीच राहते. डोमेनचेही तसेच आहे. सर्व्हर आज एका ठिकाणी असेल, उद्या दुसऱ्या ठिकाणी जाईल, पण डोमेन कंपनीच्या नावे असेल तर पत्ता कायम राहतो. म्हणून डोमेन घेताना पुढील काळजी घ्यावी.

१) डोमेनची नोंदणी कंपनीच्या नावे करावी. सचिवाच्या, संगणक दुकानदाराच्या किंवा संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावे करू नये.

२) नोंदणीच्या खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक कंपनीचा असावा. खाते उघडण्यासाठी पासवर्डबरोबर दुसरी खात्री (मोबाईलवरील सांकेतिक अंक) चालू करावी.

३) नोंदणीला दिलेला संपर्काचा ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडले तर सूचनेचे पत्रही पोचणार नाही.

४) नोंदणी एकदम तीन ते पाच वर्षांची करावी व मुदत संपण्याची तारीख कार्यालयातील फळ्यावर लिहून ठेवावी. मुदत संपून गेलेले नाव ठराविक काळानंतर कोणालाही विकत घेता येते. मग जुन्या ग्राहकांची पत्रे त्या परक्या माणसाकडे जाऊ लागतात.

‘.इन’ या शेपटाची डोमेन आपल्या देशात ‘निक्सी’ या संस्थेच्या देखरेखीखाली दिली जातात. २०१४ पासून देवनागरीतील ‘.भारत’ हे डोमेनही मिळते. परंतु परदेशी खरेदीदाराच्या संगणकावर देवनागरी पत्ता टाइप करणे अवघड जाते. म्हणून व्यवहारासाठी रोमन अक्षरांतील, लहान व उच्चारायला सोपे नाव निवडावे. फोनवर सांगितलेले नाव समोरच्याने एका दमात बरोबर लिहून घेतले तर ते नाव चांगले समजावे.

सर्व्हर स्वतःचा असावा की सेवा भाड्याने घ्यावी?

हा निर्णय विहीर खोदायची की पाणी विकत घ्यायचे अशा स्वरूपाचा आहे. डोमेन स्वतःचे हवेच, सर्व्हर मात्र प्रत्येकाने उभारलाच पाहिजे असे नाही. कंपनीत चार-पाचच पेट्या लागत असतील आणि यंत्रणेकडे आठवड्यातून एकदाही पाहणारा माणूस नसेल, तर आपल्या डोमेनवर एखाद्या मोठ्या पुरवठादाराची ई-मेल सेवा भाड्याने घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

पुढील परिस्थितीत स्वतःचा सर्व्हर परवडतो : पंधरा-वीस किंवा अधिक पेट्या लागतात व पेटीगणिक भाडे जड जाते, गटप्रमुख व पॅकहाऊसच्या पर्यवेक्षकांनाही पत्ते द्यायचे आहेत, पत्रव्यवहार आपल्याच ताब्यात राहावा अशी संचालक मंडळाची इच्छा आहे, आणि लिनक्सवर काम करू शकणारा किमान एक तरुण सभासद व त्याला पर्याय म्हणून दुसरा माणूस उपलब्ध आहे. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. निगा न राखलेला सर्व्हर नसलेलाच बरा.

पत्र कसे पोचते?

पुढील कामे समजण्यासाठी हे थोडक्यात पाहू. आपण पत्र पाठविले की आपला सर्व्हर खरेदीदाराच्या डोमेनच्या नोंदी पाहतो. या नोंदींना डीएनएस नोंदी म्हणतात. त्यात ‘या डोमेनचे टपाल अमुक सर्व्हरवर आणून द्यावे’ अशी एक नोंद असते, तिला एमएक्स नोंद म्हणतात. त्या सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर) आपला सर्व्हर पत्र नेऊन देतो. समोरचे दार तात्पुरते बंद असेल तर पत्र रांगेत ठेवून तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. हे प्रयत्न साधारणपणे चार-पाच दिवस चालतात. म्हणून एखादी रात्र आपला सर्व्हर बंद पडला तरी येणारी पत्रे लगेच बुडत नाहीत.

टपालाची ही पद्धत, जिला एसएमटीपी म्हणतात, १९८२ मध्ये ठरली. त्या वेळी जाळ्यावर थोडीच विद्यापीठे व प्रयोगशाळा होत्या आणि सर्व एकमेकांच्या ओळखीचे होते. त्यामुळे पाठविणाऱ्याने पाकिटावर लिहिलेले नाव खरे आहे की नाही, हे तपासण्याची सोय मूळ नियमांत ठेवलेली नव्हती. कोणीही कोणाचेही नाव लिहून पत्र टाकू शकतो, हा दोष तेव्हापासूनचा आहे. त्यावर पुढे जे उपाय निघाले ते न केल्यास आपले पत्र आज संशयितांत मोजले जाते.

जागेची निवड

सर्व्हर कार्यालयातील संगणकावर ठेवू नये. वीज जाते हे एक कारण झाले, पण मुख्य कारण वेगळे आहे. घरगुती किंवा साध्या ब्रॉडबँड जोडणीला मिळणारा आयपी क्रमांक (जाळ्यावरील घर क्रमांक) वारंवार बदलतो. अशा क्रमांकांवरून थेट येणारे टपाल बहुतेक मोठे सर्व्हर स्वीकारत नाहीत, आणि अनेक पुरवठादार २५ क्रमांकाचे बाहेर जाणारे दार बंदच ठेवतात.

त्याऐवजी माहिती केंद्रातील आभासी सर्व्हर (व्हीपीएस) मासिक भाड्याने घ्यावा. घेण्यापूर्वी पुरवठादाराला पुढील चार प्रश्न लेखी विचारावेत.

१) आयपी क्रमांक स्थिर व फक्त आमच्याच वापराचा मिळेल काय?
२) बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे दार उघडून मिळेल काय? (अनेक ठिकाणी ते सुरुवातीला बंद असते व अर्ज केल्यावर उघडतात.)
३) आयपी क्रमांकाची उलट नोंद आमच्या सर्व्हरच्या नावे करून मिळेल काय?
४) संपूर्ण सर्व्हरची रोजची प्रत ठेवण्याची सोय आहे काय?

पहिल्या तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर तो सर्व्हर घेऊ नये. क्रमांक मिळाल्यावर तो स्पॅमहाऊससारख्या काळ्या यादीत नाही ना, हे पाहावे. आधीच्या भाडेकरूने त्याच क्रमांकावरून फालतू पत्रे पाठविली असतील तर त्याचा त्रास आपल्याला होतो. असा क्रमांक सुरुवातीलाच बदलून मागावा.

वीस पेट्यांसाठी दोन प्रोसेसर, ४ जीबी स्मृती व ८० ते १०० जीबी साठा पुरेसा होतो. विषाणू तपासणीची आज्ञावलीच एक जीबीपेक्षा जास्त स्मृती घेते, म्हणून २ जीबीचा सर्व्हर तोकडा पडतो. बागेचे व कंटेनरचे फोटो जोडून पाठविण्याची सवय असेल तर साठा वाढवावा. जोडलेली फाईल ई-मेलमध्ये मूळ आकाराच्या सुमारे सव्वापट ते दीडपट जागा घेते, हेही हिशेबात धरावे.

उभारणीचे टप्पे

१) मूळ प्रणाली : डेबियन ही लिनक्स प्रणाली घ्यावी. ती विनामूल्य आहे व तिच्या सुरक्षा दुरुस्त्या नियमित मिळतात. सर्व्हरचे नाव ‘मेल.आपलीकंपनी.इन’ असे पूर्ण द्यावे.

२) नावाच्या नोंदी : डोमेनच्या डीएनएसमध्ये ‘मेल.आपलीकंपनी.इन’ हे नाव आयपी क्रमांकाशी जोडणारी ‘ए’ नोंद करावी. नंतर डोमेनची एमएक्स नोंद याच नावाकडे करावी. एमएक्स नोंदीत थेट आयपी क्रमांक लिहू नये. तेथे नावच लागते.

३) टपालाची ने-आण : यासाठी पोस्टफिक्स ही आज्ञावली बसवावी. डच संगणकतज्ज्ञ वित्से वेनेमा यांनी लिहिलेली ही आज्ञावली १९९८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली व आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. ती एका पत्राचा आकार मुळात सुमारे १० एमबीपर्यंत मर्यादित ठेवते. कागदपत्रांसाठी ही मर्यादा २५ एमबीपर्यंत वाढवावी.

४) पेट्या : आलेली पत्रे साठविण्यासाठी व मोबाईलवर दाखविण्यासाठी डोव्हकॉट ही आज्ञावली बसवावी. आयमॅप पद्धत वापरावी. तिच्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात व कार्यालयातील संगणक आणि अध्यक्षांचा मोबाईल या दोन्हींवर सारखीच दिसतात.

५) कुलूप : सर्व ये-जा सांकेतिक स्वरूपात व्हावी यासाठी प्रमाणपत्र लागते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ संस्थेकडून ते विनामूल्य मिळते. त्याची मुदत तीन महिन्यांहून अधिक नसते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी.

६) दारे : फक्त पुढील दारे उघडी ठेवून बाकी सर्व बंद करावीत.
– २५ : इतर सर्व्हरकडून येणाऱ्या व त्यांच्याकडे जाणाऱ्या टपालासाठी.
– ४६५ व ५८७ : आपल्या माणसांनी पत्र पाठविण्यासाठी. येथे पासवर्डची सक्ती असावी.
– ९९३ : आयमॅपने पत्रे वाचण्यासाठी.
– ८० व ४४३ : प्रमाणपत्राचे नूतनीकरण व ब्राऊझरमधून पत्रे पाहण्यासाठी.
– सर्व्हरवर काम करण्याचे दार : फक्त चावीच्या फाईलने उघडेल असे ठेवावे. तेथे पासवर्ड चालू ठेवू नये.

७) निंदणी : फालतू पत्रे वेगळी काढण्यासाठी आरस्पॅमडी ही आज्ञावली लावावी. चुकीचे पासवर्ड वारंवार टाकणाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी फेल२बॅन लावावी. सर्व्हर सुरू होताच काही तासांत असे प्रयत्न सुरू झालेले नोंदवहीत दिसतात. त्याने घाबरून जाऊ नये, पण पासवर्ड किमान १४ अक्षरांचे ठेवावेत.

८) पत्ते : पत्ते कामाच्या नावाने द्यावेत. विक्री@, हिशेब@, पॅकहाऊस@ असे पत्ते असल्यास माणूस बदलला तरी पत्ता बदलत नाही. प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र पासवर्ड द्यावा. पोस्टमास्टर@ व अब्यूज@ हे दोन पत्ते अवश्य ठेवावेत. आपल्या टपालाबद्दलच्या तक्रारी तेथे येतात.

येथे एक सक्त सूचना. ओळख न पटविता कोणाचेही पत्र तिसऱ्याकडे पोचविणाऱ्या सर्व्हरला ‘ओपन रिले’ म्हणतात. तो म्हणजे कुलूप नसलेला पंप. रात्रीत शेकडो परके लोक त्यावरून पत्रे पाठवितात व सकाळी आपला क्रमांक काळ्या यादीत गेलेला असतो. सर्व्हर सुरू करण्यापूर्वी बाहेरच्या जोडणीवरून, पासवर्ड न देता पत्र पाठवून पाहावे. ते नाकारले गेलेच पाहिजे.

ओळखीचे चार कागद

एवढे केल्यावर पत्रे जाऊ-येऊ लागतात आणि काम झाले असे वाटते. येथेच माझी चूक झाली. पहिल्या कंपनीचा सर्व्हर आम्ही फेब्रुवारीत, ऐन हंगामात सुरू केला. आपापसांतील पत्रे लगेच मिळत होती. परंतु खरेदीदाराकडून चार दिवस उत्तर नाही. फोन केल्यावर समजले की आमची सर्व पत्रे त्याच्या स्पॅम पेटीत पडून होती. सर्व्हरची उलट नोंद करायची मी विसरलो होतो. तेवढ्या चार दिवसांत शीतगृहात भरलेल्या मालाच्या दराची बोलणी अडकून पडली होती. तेव्हा खालील चारही कागद पूर्ण झाल्याशिवाय सर्व्हर वापरात आणू नये.

१) उलट नोंद : नावावरून क्रमांक सापडतो तसे क्रमांकावरून नावही सापडले पाहिजे. गाडीची नंबर प्लेट व आरसी बुक जुळावे तसे हे आहे. ही नोंद आपल्या डोमेनमध्ये होत नाही. ती सर्व्हरच्या पुरवठादाराकडे करावी लागते, म्हणूनच ती विसरली जाते.

२) एसपीएफ : आपल्या डोमेनचे टपाल कोणकोणत्या सर्व्हरवरून निघू शकते, याची ही जाहीर यादी आहे. पॅकहाऊसच्या फाटकावर परवानगी असलेल्या गाड्यांची यादी असते तशीच. आपल्या एकाच सर्व्हरसाठी ‘व्ही=एसपीएफ१ एमएक्स -ऑल’ एवढी टीएक्सटी नोंद पुरते. म्हणजे ‘एमएक्समध्ये आहे तोच सर्व्हर आमचा, बाकीचे आमचे नव्हेत.’ एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी. दोन केल्यास दोन्ही निरुपयोगी होतात.

३) डीकेआयएम : कंटेनर बंद केल्यावर सील लावतात व त्याचा क्रमांक कागदांवर येतो. बंदरात सील तुटलेले दिसले तर माल हाताळला गेला हे कळते. डीकेआयएम हे पत्राचे सील आहे. सर्व्हरवर चाव्यांची जोडी तयार करावी (२०४८ बिटची). खासगी चावीने प्रत्येक पत्रावर खूण उमटते व जाहीर चावी डीएनएसमध्ये ठेवली जाते. खूण जुळली तर पत्र आपल्याच डोमेनचे आहे व वाटेत बदललेले नाही हे सिद्ध होते. जाहीर चावी लांब असल्याने ती नोंदीत तुकड्यांनी लिहावी लागते. एक अक्षर सुटले तरी सील जुळत नाही.

४) डीमार्क : वरील तपासण्यांत न उतरलेल्या पत्राचे काय करावे, हे समोरच्या सर्व्हरला सांगणारी ही सूचना आहे. सुरुवातीला ‘पी=नन’ ठेवावे, म्हणजे पत्र अडविले जात नाही, फक्त अहवाल येतात. तीन-चार आठवडे अहवाल पाहून आपली सर्व खरी पत्रे उतरत आहेत याची खात्री झाल्यावर ‘पी=क्वारंटाईन’ व शेवटी ‘पी=रिजेक्ट’ करावे. ‘नन’वरच कायम थांबू नये. नुसते पाहणारा राखणदार चोराला अडवीत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी पत्र पाठविणाऱ्या सर्वांसाठी उलट नोंद आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम आवश्यक केले. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क तिन्ही लागतात. आपली पत्रे तेवढी नसली तरी चारही कागद करावेत. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.

चाचणी व सुरुवातीचा काळ

आपल्या ओळखीच्या जीमेल पत्त्यावर पत्र पाठवावे व तेथे ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय उघडावा. एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसले पाहिजे. अशीच चाचणी आउटलुकवर करावी.

नव्या क्रमांकाची पत बाजारात नसते. ती हळूहळू तयार होते. पहिल्याच दिवशी चारशे सभासदांना वार्षिक सभेची सूचना एकदम पाठवू नये. पहिले तीन-चार आठवडे रोजची थोडी, उत्तरे येणारी पत्रे पाठवावीत. सर्व्हर नेहमी हंगामापूर्वी सुरू करावा. द्राक्ष कंपन्यांनी छाटणीनंतर ऑक्टोबरपर्यंत हे काम उरकावे, म्हणजे जानेवारीत निर्यात सुरू होईपर्यंत त्रुटी दूर होतात. जुना पत्ताही एक पूर्ण हंगाम चालू ठेवून त्यावर येणारी पत्रे नव्या पत्त्यावर वळवावीत.

नेहमीची निगा

दररोज : रांगेत अडकलेली पत्रे पाहावीत. एरवी चार-दोन असणारी रांग अचानक शेकड्यांनी वाढली तर कोणाचा तरी पासवर्ड फुटला असे समजून ती पेटी तत्काळ बंद करावी.

दर आठवड्यास : सुरक्षा दुरुस्त्या कराव्यात. साठा किती भरला ते पाहावे. साठा पूर्ण भरल्यास नवी पत्रे स्वीकारली जात नाहीत. डीमार्कचे अहवाल वाचावेत.

दरमहा : सुरक्षित प्रतीतून एक जुने पत्र परत काढून पाहावे. प्रत रोज आपोआप व्हावी आणि ती दुसऱ्या पुरवठादाराकडे किंवा कार्यालयातील वेगळ्या डिस्कवर असावी. परत काढून न पाहिलेली प्रत म्हणजे उगवणशक्ती न तपासलेले बियाणे होय. पत्रांबरोबर डीकेआयएमची खासगी चावी व सर्व मांडणीच्या फाईली प्रतीत असाव्यात.

नोंदी : सर्व्हरच्या नोंदवह्या १८० दिवस जपून ठेवाव्यात. सायबर सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा ‘सर्ट-इन’ हिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार हे बंधन कंपन्यांनाही लागू आहे. सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्यास लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावे लागते.

माणूस बदलल्यास : त्याच दिवशी पासवर्ड बदलावा, पेटी मात्र पुसू नये. डोमेन व सर्व्हरचे मुख्य पासवर्ड दोन जबाबदार व्यक्तींकडे असावेत आणि एक प्रत सीलबंद पाकिटात कंपनीच्या तिजोरीत ठेवावी. तसा संचालक मंडळाचा ठराव करून घ्यावा.

बँक खाते बदलाचे पत्र : सर्वांत मोठा धोका

वरील सर्व उपाय केल्यावर आपल्या डोमेनचे नाव वापरून खोटे पत्र पाठविणे अवघड होते. तरीही तीन वाटा उघड्या राहतात, त्या समजून घ्याव्यात.

पहिली वाट, दिसायला सारखे नाव. रोमन लिपीत ‘आर’ व ‘एन’ ही अक्षरे जवळ लिहिली की ‘एम’सारखी दिसतात. असे एखादे अक्षर बदलून दुसरेच डोमेन घेतले जाते. ते डोमेन त्याचे स्वतःचे असल्याने त्याचे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सर्व ‘पास’ होते. दुसरी वाट, खरेदीदाराचीच पेटी फुटलेली असणे. तिसरी वाट, आपल्याच एखाद्या पेटीचा पासवर्ड चोरीला जाणे. अशा वेळी चोर लगेच काही करीत नाही. बिलाची सर्व पत्रे गुपचूप बाहेर वळविण्याचा नियम पेटीत लावून तो बिलाच्या तारखेची वाट पाहतो. म्हणून दरमहा प्रत्येक पेटीतील वळविण्याचे नियम तपासावेत.

या तिन्ही वाटा यंत्राने बंद होत नाहीत. त्या माणसांनी पाळायच्या नियमाने बंद होतात. तो नियम असा : बँक खात्यातील बदल ई-मेलवर कधीही कळवायचा नाही आणि कधीही मान्य करायचा नाही. करार करतानाच खाते क्रमांक त्यात लिहावा. बदल करायचाच झाल्यास दोन्ही बाजूंनी करारातील जुन्या फोन क्रमांकावर बोलून खात्री करावी. पत्रात दिलेल्या नव्या क्रमांकावर फोन करू नये, तो चोराचाच असतो. प्रत्येक बिलाच्या तळाशी ‘आमचे बँक खाते ई-मेलने बदलले जात नाही’ हे वाक्य इंग्रजीत छापावे. खते व पॅकिंगच्या पेट्या पुरविणाऱ्यांची बिले भरतानाही हाच नियम लावावा.

एवढे करूनही पैसे चुकीच्या खात्यात गेले तर लाजेने वेळ घालवू नये. आपल्या बँकेला लगेच कळवावे, १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा व केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात हलण्यापूर्वी अडविता आले तरच परत मिळण्याची आशा असते. मूळ पत्र पुसू नये, त्यातील पूर्ण शीर्षनोंदीसह जपून ठेवावे. तपासाला तीच उपयोगी पडते.

खर्चाचा अंदाज

डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपये आणि आभासी सर्व्हरला आकारमानाप्रमाणे दरमहा ५०० ते १,५०० रुपये धरावेत. वर उल्लेखिलेल्या आज्ञावली विनामूल्य आहेत. खरा खर्च माणसाच्या वेळेचा आहे. उभारणीला तीन-चार दिवस, पुढे रोजची दहा मिनिटे व आठवड्यातून एक तास. ज्या सभासदाकडे हे काम द्याल त्याला मानधन द्यावे. फुकटचे काम हंगामात मागे पडते आणि नेमके हंगामातच सर्व्हरला पाहणारा लागतो.

समारोप

डोमेन कंपनीच्या नावे असणे, ओळखीचे चारही कागद पूर्ण असणे, सुरक्षित प्रत तपासलेली असणे आणि बँक खात्याची खात्री फोनवरच करणे, या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सर्व्हर उभारणे जमत नसेल तर भाड्याची सेवा घ्यावी, पण पहिली व शेवटची गोष्ट आजच करता येते. त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही.

सुरुवातीला उल्लेखिलेल्या कंपनीचे पत्ते आता तिच्याच नावाचे आहेत. खरेदीदाराने त्यांच्या बिलावरील तळटीप आपल्या इतर पुरवठादारांनाही छापायला सांगितली. येत्या संचालक मंडळाच्या सभेत, विषयपत्रिकेवर, ‘आपल्या कंपनीचे डोमेन व ई-मेल कोणाच्या नावे आहे?’ हा एक विषय आपणही अवश्य घ्यावा.